जुबली क्लिप आणि चाकणची कोंडी

पहिला थेंब मला डिसेंबरातल्या एका सकाळी दिसला. निगडीतल्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये, गाडीच्या पुढच्या चाकाशेजारी, पाच रुपयांच्या नाण्याएवढा हिरवट डाग. बोट लावून बघितलं तर चिकट. कूलंट.

मी इंजिनिअर आहे, तोही मेकॅनिकलचा. म्हणजे डिग्री मेकॅनिकलची, नोकरी हिंजवडीत आणि काम जावामध्ये. पिंपरी-चिंचवडमध्ये असे आम्ही हजारोंनी आहोत. त्यामुळे बॉनेट उघडल्यावर मला जरा जोरच चढला. रेडिएटरच्या वरच्या होजपाइपच्या तोंडाशी ओल होती. तिथली मूळची क्लिप स्प्रिंगची होती, दोन कान असलेली, गंजलेली. ती पक्कडीनं कशीबशी काढली, दोनदा निसटून बोटावर बसली. मग कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात गेलो. दुकानदारानं न बघताच विचारलं, "जुबली देऊ का?" वीस रुपयांची पेचाची क्लिप, स्क्रूड्रायव्हरनं आवळायची. बसवली. काम फत्ते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा डाग. मी क्लिप पाव वेढा अजून आवळली. दोन दिवस बरे गेले, तिसऱ्या सकाळी पुन्हा थेंब. पुन्हा पाव वेढा. असं मी चार वेळा केलं. गंमत म्हणजे दिवसभर गाडी चालवून तापली की गळती बंद असायची. थेंब पडायचे ते फक्त थंडीत, गाडी रात्रभर उभी राहिल्यावर. डिग्री असलेल्या माणसाला इथे काहीतरी सुचायला हवं होतं.

जानेवारीत नारायणगावला लग्न होतं. मी, पप्पा आणि मम्मी. पुणे-नाशिक महामार्गावर चाकणच्या तळेगाव चौकात ज्यांनी कोंडी अनुभवली आहे त्यांना पुढचं सांगायला नको. कंटेनर, कंपन्यांच्या बसेस, कांद्याचे ट्रॅक्टर, मधूनच उलटे येणारे बाइकवाले. पाऊण तासात आम्ही फार तर दोनशे मीटर सरकलो. तापमानाचा काटा वर गेला, आणि मग बॉनेटच्या फटीतून वाफेचा भपकारा आला. मुहूर्त बारा वाजून काही मिनिटांचा होता. तो आम्ही आंबेठाण चौकाजवळच्या एका गॅरेजसमोर प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसून घालवला.

मेकॅनिक माझ्यापेक्षा लहान होता. गाडी निवल्यावर त्यानं होज काढला, टोक माझ्यासमोर धरलं आणि म्हणाला, "दादा, ही क्लिप नाही, सुरी लावली होतीत तुम्ही." रबरावर गोल चीर पडली होती, क्लिपच्या खाचांचा ठसा जसाच्या तसा. मी काही बोलायच्या आत मागून पप्पांचा आवाज आला. "आरपार खाचेची आहे. ही बाजारची पट्टी. कंपनीला आम्ही अशी देत नव्हतो."

पप्पा भोसरीत एका 'प्रेस शॉप'मध्ये होते एवढं मला माहीत होतं. उजव्या हाताच्या तर्जनीचं टोक तिथेच गेलं, हेही माहीत होतं. तिथे ते नक्की काय बनवत होते हे मी अठ्ठावीस वर्षांत कधी विचारलं नव्हतं. ते अकरा वर्षं होज क्लिपांच्या पट्ट्या मारत होते.

त्या संध्याकाळपासून मी या क्लिपच्या मागे लागलो.

मोटारीला पाण्याची गरज पहिल्यापासूनच होती. ऑगस्ट १८८८ मध्ये बर्था बेंझ नवऱ्याला न सांगता दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमला निघाली, साधारण शंभर किलोमीटर. मोटारीचा तो पहिला लांबचा प्रवास मानतात. त्या गाडीत पाणी फिरून थंड होत नव्हतं, ते चक्क उकळून वाफ होऊन उडून जायचं. त्यामुळे वाटेत मिळेल तिथे पाणी भरत जावं लागलं. इंधनाची नळी तुंबली तेव्हा तिनं हॅटची पिन वापरली, उघड्या पडलेल्या तारेवर मोज्याचा पट्टा गुंडाळला. रस्त्यात दुरुस्ती करणारी पहिली व्यक्ती ही अशी.

वाफ उडवण्याऐवजी तेच पाणी पुन्हा पुन्हा वापरायची सोय नंतर झाली. १९०१च्या मर्सिडीजसाठी विल्हेल्म मायबाखनं मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर केला, त्यात ८,०७० बारीक नळ्या होत्या. आता नवा प्रश्न आला. इंजिन थरथरतं, रेडिएटर चॅसीला घट्ट बसवलेला. दोघांना लोखंडी नळीनं जोडलं तर ती महिनाभरात तडकेल. म्हणून मध्ये रबर. आणि रबर धातूच्या तोंडावर धरून ठेवायला काहीतरी पट्टा.

हा पट्टा आगीच्या बंबांना आधीच लागत होता. स्टॉकहोममध्ये क्नूट एडविन बेर्गस्ट्रॉम यानं १८९६ मध्ये अग्निशमनाच्या साहित्याची कंपनी काढली, आणि होज क्लॅम्पचा एक जनक म्हणून त्याचं नाव घेतात. पण आपण आज जी 'पेचाची क्लिप' म्हणतो ती १९२१ची. इंग्लंडच्या आरमारातला कमांडर लम्ली रॉबिन्सन यानं तिचं पेटंट घेतलं आणि केंट परगण्यातल्या गिलिंगहॅमला धंदा सुरू केला. क्लिपचं नाव 'जुबिली'. पट्टीवर तिरक्या खाचा, त्यात एका आडव्या स्क्रूचे आटे. स्क्रू फिरवला की पट्टी एकेक खाच पुढे सरकते आणि फास आवळत जातो. मागे सरकत नाही, कारण पट्टी स्क्रूला उलटं फिरवू शकत नाही. एकच क्लिप लहानमोठ्या नळ्यांना चालते आणि हवी तितक्या वेळा काढता-घालता येते.

तर निगडीचा दुकानदार जे 'जुबली' म्हणतो ते हेच. एका ब्रिटिश कंपनीचं व्यापारी नाव, शंभर वर्षांनी आपल्या हार्डवेअरच्या दुकानात सामान्यनाम होऊन बसलंय. 'टेम्पो'चंही तसंच झालं. टेम्पो ही हॅम्बुर्गजवळची कंपनी होती. तिच्या गाड्या नवलमल फिरोदियांच्या बजाज टेम्पोनं इथे आणल्या, आणि आज मराठीत कुठल्याही कंपनीची छोटी मालगाडी टेम्पोच.

पण नाव टिकलं म्हणजे वस्तू टिकली असं नसतं. मूळ जुबिली क्लिपच्या खाचा पट्टीवर दाबलेल्या असतात, आरपार नसतात. आतली बाजू सपाट, म्हणजे रबराला काही रुतत नाही. दुसरी तऱ्हा आरपार भोकांची, अमेरिकेत जास्त चालणारी. ती करायला सोपी आणि स्वस्त. पण जास्त आवळली की रबर त्या भोकांतून फुगतं आणि कडेवर कापलं जातं. मला जुबलीच्या नावाखाली मिळाली ती ही दुसरी.

आता पिंपरीकडे. १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आली तेव्हा हा सगळा माळ होता. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली आणि मग आकुर्डी, चिंचवड, भोसरीत आखलेले प्लॉट आणि शेड. बजाज ऑटो आणि बजाज टेम्पो आकुर्डीत, टेल्को पिंपरी-चिंचवडला. सुमंत मुळगावकरांनी इथे गाडीआधी कारागीर घडवले. टूल-रूम आणि प्रशिक्षण आधी, पुण्यात बनलेलं पहिलं व्यापारी वाहन १९७७ मध्ये.

इथे एक गोष्ट माझ्या लक्षात आधी आलीच नव्हती. या पट्ट्यातलं सगळ्यात प्रसिद्ध वाहन, म्हणजे १९७२चा चेतक, त्याला कूलंटच नाही. पंख्याच्या हवेवर थंड होणारं इंजिन. रिक्षाचंही तेच. म्हणजे 'हमारा बजाज'च्या त्या लाखो गाड्यांत एकही होज नव्हता, एकही क्लिप नव्हती. चाकणच्या रांगेतून २०१२ मध्ये पल्सर २०० एनएस आणि केटीएमची २०० ड्यूक बाहेर पडल्या तेव्हा कुठे पिंपरी-चाकणच्या पोरांना बाइकचा रेडिएटर ही चीज रोजच्या ओळखीची झाली.

पाण्याची इंजिनं होती ती मोठ्या गाड्यांत. १९६९ची मॅटाडोर, टेल्कोचे ट्रक, १९८६ची ४०७. आणि त्याच्याही आधी शेतावर. खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स १९४६ची. गावाकडे विहिरीवरच्या इंजिनाचा होज मी लहानपणी बघितलाय. त्याला क्लिप नव्हतीच, सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळलेली आणि वरून बाइंडिंगची तार पिळलेली. तिथे ते चालायचं, कारण त्या पाण्याला दाब नव्हता. पाणी एका बाजूनं यायचं आणि दुसऱ्या बाजूनं पाटात जायचं.

मोटारीत तसं चालत नाही. रेडिएटरचं झाकण मुद्दाम दाब धरून ठेवतं, कारण दाबाखाली पाणी उशिरा उकळतं. हवेच्या दाबाच्या वर आणखी एक बार दाब दिला की पाण्याचा उत्कलनबिंदू १०० वरून १२० अंशांवर जातो. कुकरचंच तत्त्व. पण त्या दाबात ३५ मिलिमीटर व्यासाच्या होजला तोंडावरून ढकलून देणारा जोर साधारण दहा किलो वजनाएवढा असतो. तो जोर रबर आणि धातूमधली पकड सांभाळते, आणि ती पकड क्लिपच्या भरवशावर. आणि एकदा चीर पडून दाब गेला की ११० अंशांवर शांत असलेलं पाणी एका क्षणात उकळतं. चाकणला आमच्या बॉनेटमधून आलेला भपकारा हाच.

जुन्या मुंबई-पुणे रस्त्यानं बोरघाट चढणाऱ्यांना हे शास्त्र पाठ होतं. एक्स्प्रेसवे २००२ मध्ये पूर्ण झाला, त्याआधी घाटात बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्या हे नेहमीचं दृश्य होतं असं पप्पा सांगतात. पाण्याचा कॅन डिकीत असायचाच. शिंग्रोबाच्या देवळाशी गाडी थांबायची ती नाणं टाकायला आणि इंजिन निववायला. टोपण उघडायची घाई केली की हात भाजायचा. त्यामुळे क्लिपा बघणं हे चालकाच्या अंगवळणी पडलेलं काम होतं. उन्हाळ्याच्या तोंडावर एकदा आणि दिवाळीनंतर एकदा, स्क्रूड्रायव्हर घेऊन सगळ्यांना अर्धा-पाव वेढा.

माझ्या सकाळच्या थेंबांचं उत्तर इथेच होतं. तापल्यावर रबर पोलादाच्या दहापटीहून जास्त फुगतं. पेचाच्या क्लिपचा घेर मात्र ठरलेला, ती हलत नाही. मग बिचारं रबर क्लिपखाली दबून पातळ होत जातं. रात्री सगळं थंड झालं की रबर आकसतं, पण क्लिप जिथल्या तिथे. मध्ये केसाएवढी फट राहते आणि थेंब गळतात. सकाळी येऊन मी आवळायचो, म्हणजे त्या दबलेल्या रबराला आणखी दाबायचो. जितकी दुरुस्ती केली तितकं ते कापलं गेलं.

ज्या स्प्रिंगच्या क्लिपला मी गंजकी म्हणून फेकून दिलं तिचा जन्मच या दुखण्यावरचा इलाज म्हणून झाला आहे. ती स्प्रिंगच्या पोलादाची, रबर फुगलं की तीही उघडते, आकसलं की मागोमाग मिटते. कुणी दिवाळीनंतर स्क्रूड्रायव्हर घेऊन यायची गरज नाही.

यात कारखान्याची सोय किती आणि गाडीवाल्याची किती, हे मात्र वेगळं काढता येत नाही. पेचाची क्लिप लाइनवर बसवायची म्हणजे माणसाच्या हातात यंत्र, प्रत्येक स्क्रूचा टॉर्क, त्याची तपासणी. स्प्रिंगची क्लिप उघडलेल्या अवस्थेत होजवर बसूनच येते. अडसर काढला की टप्पकन मिटते. चुकीचा टॉर्क देताच येत नाही, कारण टॉर्क द्यायचाच नाही. जिथे मिनिटा-दोन मिनिटाला एक गाडी पुढे सरकते तिथे ही बचत लहान नाही.

चाकण उभं राहिलं ते याच युगात. फिरंगोजी नरसाळ्यानं १६६० मध्ये शाइस्तेखानासमोर जवळजवळ दोन महिने झुंजवलेल्या संग्रामदुर्गाचं आणि कांद्याच्या बाजाराचं हे गाव. १९९९ मध्ये बजाज इथे आली. २००९ मध्ये फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला आणि त्याच वर्षी मर्सिडीजही पिंपरीतली टेल्कोच्या आवारातली जागा सोडून इथे आली. पाठोपाठ महिंद्रा. मायबाखचा रेडिएटर एकशे आठ वर्षांनी कांद्याच्या गावात पोचला म्हणायचा.

पिंपरी आणि चाकण यांच्यात अंतर वीसेक किलोमीटरचं, पण मधला फरक त्या दोन क्लिपांमध्ये दिसतो. पिंपरीचा जुना काळ आवळायच्या, पुन्हा उघडायच्या क्लिपचा. चाकणचा काळ एकदा बसवली की विसरायच्या क्लिपचा. विसरणं चांगलंच आहे, मी काही घाटातल्या वाफेचे गोडवे गाणाऱ्यांतला नाही. पण दहा-बारा वर्षांनी ती गंजते, आणि तेव्हा गाडी ज्याच्या हातात असते त्याच्याकडे योग्य पक्कड नसते. लाइनवरच्या अभियंत्यानं त्या माणसाचा विचार केलेला नसतो. मग तो माणूस माझ्यासारखं करतो, वीस रुपयांची जुबली आणतो.

पप्पांना मी एका रविवारी समोर बसवलं आणि विचारत गेलो. ते १९८९ मध्ये बार्शीहून आले. भोसरीत शेडमध्ये तीन पॉवर प्रेस, सात माणसं. कॉइल यायची, पट्टी कापायची, डायखाली खाचा मारायच्या, बर काढायची, झिंक प्लेटिंगला बाहेर जायची. घर आणि स्क्रू दुसऱ्या शेडमधून यायचे, जोडणी बायका करायच्या, नगावर पैसे. "कंपनीला दाबलेली, बाजाराला आरपार," पप्पा म्हणाले. कंपनीचा माणूस येऊन बोट फिरवून बर बघायचा, बर लागली की अख्खा लॉट परत. परत आलेला लॉट कुठे जायचा, हे विचारल्यावर ते हसले. बाजारात. वर्म ड्राइव्ह होज क्लिपसाठी आयएस ४७६२ असं भारतीय मानक आहे हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी मान डोलावली. आकडा भिंतीवर लिहिलेला होता म्हणे.

बोटाचं त्यांनी फार सांगितलं नाही. प्रेसला दोन्ही हातांनी दाबायची बटणं असतात, म्हणजे हात आत राहू नये. वेग वाढावा म्हणून त्यातलं एक बटण बांधून ठेवलेलं. किती नग राहिले होते तेवढं त्यांच्या लक्षात आहे. दोनशे चाळीस. शेड बंद पडली ती २००० साली. कारण काय, तर कंपनीनं क्लिपेचा प्रकार बदलला. स्प्रिंगच्या पोलादाला उष्णता-प्रक्रियेची भट्टी लागते, ती त्यांच्याकडे नव्हती. पप्पा नंतर सिक्युरिटीत गेले, मी पुढे मेकॅनिकलला प्रवेश घेतला, तेव्हा त्यांनी पेढे वाटले होते. मग मी जावा शिकलो.

मूळच्या मापाची स्प्रिंगची क्लिप आणि ती उघडायची लांब पक्कड मला शेवटी कुदळवाडीच्या भंगारात मिळाली. कुदळवाडी म्हणजे चिखलीतली भंगाराच्या दुकानांची वस्ती, जिथे या शहरानं टाकलेलं सगळं येऊन पडायचं आणि निवडून पुन्हा विकलं जायचं. पक्कडीवर कुठल्यातरी लाइनचा नंबर रंगवलेला होता. विकणाऱ्यानं मला क्लिप मिटवून-उघडून दाखवली, ताण गेलेली असेल तर घेऊ नका म्हणाला, आणि दुसरी निवडून दिली. हे जानेवारी २०२५ मधलं. फेब्रुवारीत महापालिकेनं कुदळवाडीतली हजारो बांधकामं पाडली. अनधिकृत होती, आगी लागायच्या, धूर व्हायचा, आजूबाजूच्या सोसायट्या त्रासल्या होत्या. आमचीही एक सोसायटीच आहे. मार्चमध्ये गेलो तर सपाट जमीन, विटांचे तुकडे आणि मध्येच उभं एक लिंबाचं झाड.

लोक म्हणतात इलेक्ट्रिक गाडी आली की हे सगळं संपेल. संपणार नाही. बॅटरीलाही ताप येतो. रांजणगावला बनणाऱ्या नेक्सॉन ईव्हीची बॅटरी द्रवानंच थंड होते, म्हणजे होज आले. फक्त तिथे आता बऱ्याच ठिकाणी प्लास्टिकची खटका-जोडणी येऊ लागली आहे, ढकलली की 'टक्' आवाज आणि बसली. स्प्रिंगची क्लिप मारणाऱ्या कुठल्यातरी शेडमध्ये आज याची चर्चा चालू असणार.

नवीन होज आणि कुदळवाडीची क्लिप मी आणि पप्पांनी मिळून बसवली. रेडिएटरच्या तोंडाला एक उंचवटा असतो, क्लिप त्याच्या मागे बसायला हवी, होजच्या टोकापासून जरा आत. मी ती उंचवट्यावरच बसवत होतो. पप्पांनी हात मागे सारला, पक्कड घेतली आणि नीट सरकवून सोडली. मग अर्ध्या तर्जनीनं क्लिपची कड पुसल्यासारखी तपासली.

"बर नाही," म्हणाले.